वाचकांचे प्रश्न : डोक्यावरचं टिंब

गेल्या अंकात मी एका कामाबद्दल थोडं लिहिलं होतं. जुन्या मराठी पुस्तकांची पानं स्कॅन होतात, यंत्र त्या चित्रांवरून मजकूर उतरवतं, आणि तो मजकूर कुणीतरी छापील प्रतीशी ताडून पाहावा लागतो. त्यावर इतकी पत्रं आली की संपादकांनी या महिन्याचं सदर त्या पत्रांनाच देऊन टाकलं. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. १९७८ पासून २९ वर्षं मी पुण्यातल्या एका छापखान्यात मुद्रितं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, तपासली. खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी गेली, फोटोटाइपसेटिंग आलं आणि गेलं, मग डीटीपी आलं; हे सगळं पाहिलं. आता घरी बसून, स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं मराठी विकिस्रोतासाठी, म्हणजे नेटवरच्या खुल्या ग्रंथालयासाठी, तपासते.

आजोबांनी लिहिलेलं १९१४ सालचं छोटं पुस्तक घरात आहे. भाच्याने फोनवर त्याचे फोटो काढून मजकूर तयार करून दिला. आता तपासायला बसायचं आहे. सुरुवात कुठून करू?
एक निवृत्त शिक्षिका, वाई

बाई, मजकुरापासून करू नका, पानांपासून करा. पुस्तक मांडीवर घ्या, फोटो समोर ठेवा आणि फक्त पृष्ठांक मोजा. एक अक्षरही वाचू नका. फोटो काढताना दोन पानं एकदम उलटली जातात आणि ते काढणाऱ्याला कळतही नाही. मजकूर वाचताना आपल्यालाही ते नेहमी कळत नाही, कारण एक परिच्छेद संपून दुसरा सुरू झाला असं वाटतं आणि आपण पुढे जातो.

पृष्ठांकांबरोबर फर्मेही मोजा. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं. जुन्या पुस्तकात दर आठ किंवा सोळा पानांनी पानाच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात एक बारीक आकडा दिसेल. तो फर्म्याचा क्रमांक. बांधणी करणाऱ्याला फर्मे लावताना त्याचा आधार असायचा, आता तुम्हाला होईल. मुखपृष्ठ, अर्पणपत्रिका, किंमत, मुद्रकाचं नाव, मागच्या पानावरच्या जाहिराती, यांतलं काहीही ‘पुस्तकाचा भाग नाही’ म्हणून गाळू नका. आजोबांच्या पुस्तकाची किंमत ६ आणे होती आणि ते कुठल्या गावच्या छापखान्यात छापलं गेलं, हे त्या पुस्तकाबद्दलचं सर्वांत खात्रीचं ज्ञान असतं.

मग वाचन. छापखान्यात आम्ही हे काम दोघींनी करायचो. एकीच्या हातात मूळ प्रत, दुसरीच्या हातात मुद्रित. मूळ प्रतवाली मोठ्याने वाचायची आणि सगळं वाचायची: ‘स्वल्पविराम’, ‘दुसरी वेलांटी’, ‘डोक्यावर टिंब’, ‘नवा परिच्छेद’. बाहेरच्या माणसाला तो मंत्रपाठ वाटायचा. आजही याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. घरात नातवंड असेल तर त्याला पुस्तक द्या आणि तुम्ही पडद्यावर लक्ष ठेवा. मुलांना पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज नसतो, म्हणून ती समोर आहे तेच वाचतात. मोठी माणसं अंदाजाने वाचतात.

एकट्याने करायचं असेल तर एक जाड पोस्टकार्ड घ्या आणि पुस्तकातल्या ओळीखाली ठेवून खाली सरकवत जा. मी एका पानाच्या तीन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत नुसते आकडे आणि नावं. दुसरीत फक्त डोक्यावरचं: अनुस्वार, रफार, मात्रा. तिसरीत अर्थासकट वाचन. एका बैठकीत आठ पानांपेक्षा जास्त नाही. नवव्या पानावर डोळा हवं ते वाचायला लागतो, हा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पुस्तकाला मात्र जपा. त्या काळचा कागद आम्लाने पिवळा आणि ठिसूळ झालेला असतो. ते सपाट उघडू नका, दोन्ही बाजूंना उशा ठेवा, आणि बोटाला थुंकी लावून पान उलटू नका.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आजची अक्षरओळख ९९ टक्के अचूक असते. मग उरलेल्या एका टक्क्यासाठी माणसं बसवायची काय गरज?
एक वाचक, हिंजवडी

हिशेब तुम्हीच करून पाहा. मध्यम आकाराच्या पुस्तकाच्या पानावर साधारण दीड हजार अक्षरं आणि चिन्हं धरू. शंभरात एक चूक म्हणजे पानाला पंधरा. दोनशे पानांच्या पुस्तकात तीन हजार. माझ्या छापखान्यातून असं पुस्तक बाहेर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला कामावर कुणी घेतलं नसतं. आणि ९९ हा आकडा स्वच्छ छपाईचा. शाई फुटलेल्या, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटलेल्या पानावर तो खूप खाली येतो.

पण संख्येपेक्षा मला काळजी वाटते ती चुका कुठे बसतात याची. ‘पुस्तक’चं ‘पुस्तफ’ झालं तर कुणालाही दिसेल. ‘भान’चं ‘मान’ झालं तर? ‘त्याला भान राहिलें नाहीं’ आणि ‘त्याला मान राहिला नाहीं’ ही दोन्ही वाक्यं चालतात. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य या जोड्या जुन्या टायपात अगदी जवळच्या बहिणी आहेत. घन आणि धन, वेल आणि बेल, वाट आणि बाट. शब्दकोशाशी ताडणारं यंत्र अशी चूक पकडणार कसं? दोन्ही शब्द कोशात आहेत.

मराठीचं खास दुखणं म्हणजे ऱ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ डोंगरांतल्या. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. हा अर्धा र छापील पुस्तकात आडव्या रेघेसारखा दिसतो, म्हणून यंत्राला तो संयोगचिन्ह वाटतो आणि ‘करणा-या’, ‘सा-या’ असं काहीतरी उतरतं. तुम्ही असे शब्द इंटरनेटवर हजारदा पाहिले असतील. त्यांतले काही टंकलेखनाच्या जुन्या सवयीतून आले, काही असे यंत्रातून. असं पान पुढे शोधायला गेलं की ‘साऱ्या’ हा शब्द त्यात सापडत नाही.

आकड्यांची गोष्ट आणखी गंभीर आहे. जुन्या मराठी पुस्तकांत पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी लिहीत. १। म्हणजे सव्वा, १॥ म्हणजे दीड, १॥। म्हणजे पावणेदोन. यंत्र त्या रेघांना कधी पूर्णविराम समजतं, कधी एकचा आकडा, कधी डाग म्हणून सोडून देतं. ‘१॥ शेर’चं ‘१ शेर’ होतं किंवा ‘१११ शेर’. एका घरगुती औषधांच्या जुन्या पुस्तकात मला ‘१ गुंज’ हे मान ‘९ गुंज’ झालेलं सापडलं, कारण जुन्या टायपातले १ आणि ९ शेपटीच्या वळणाने तेवढे ओळखू येतात. आठ गुंजांचा एक मासा होतो. ते औषध कुणी त्या मानाने करून घेतलं असतं तर? त्या दिवशी मी त्या पुस्तकातला प्रत्येक आकडा पुन्हा पहिल्यापासून ताडला.

आता नवी यंत्रं आली आहेत. ती नुसतं अक्षर ओळखत नाहीत, वाक्यही जुळवतात. त्यांच्या चुका कमी असतात आणि मला त्यांची भीती जास्त वाटते. गेल्या वर्षी एका पानाला कसर लागलेली होती, मधोमध बोटभर भोक. छापील प्रतीत तिथे चार-पाच शब्द नाहीतच. यंत्राने दिलेल्या मजकुरात मात्र तिथे पूर्ण वाक्य होतं. व्याकरणशुद्ध, आधी-नंतरच्या वाक्यांना शोभणारं, आणि लेखकाने कधीही न लिहिलेलं. मी पुस्तक उचलून उजेडाकडे धरलं तेव्हा भोकातून खिडकी दिसत होती. मी पुस्तक न पाहता फक्त पडद्यावर वाचत बसले असते, तर ते वाक्य लेखकाच्या नावावर कायमचं चढलं असतं.

तुमच्यासारख्यांची या कामाला फार गरज आहे हे मनापासून सांगते. दोन यंत्रांचे मजकूर शेजारी ठेवून फरक असलेले शब्दच तेवढे रंगवून देणारी सोय एका मुलाने मला करून दिली. त्याने माझा निम्मा वेळ वाचला. फक्त दोन्ही यंत्रं एकच चूक करतात तिथे रंग लागत नाही, म्हणून पोस्टकार्ड काही सुटलेलं नाही.

जुन्या पुस्तकातलं ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘केलें’ हे वाचायला त्रास होतो. तपासताना मी आजच्या नियमांप्रमाणे हे अनुस्वार काढून टाकले तर चालेल का? नव्या वाचकांची सोय होईल.
एक वाचिका, डोंबिवली

नाही. कृपा करून काढू नका.

आपण आज लिहितो ते नियम मराठी साहित्य महामंडळाचे. १९६२ साली १४ नियम आले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले ते तेव्हा. त्याआधीच्या लेखकाने ‘केलें’ लिहिलं ते त्याच्या काळच्या नियमाने शुद्धच लिहिलं. ती आपण सुधारायची चूक नाही.

आणि ते टिंब शोभेचं नव्हतं. ‘ते आले’ आणि ‘तें आलें’ यांत पहिलं वाक्य माणसांबद्दल आहे, दुसरं एखाद्या मुलाबद्दल किंवा पत्राबद्दल. टिंब काढलंत की दोन्ही एक झाली. ‘मी’ आणि ‘मीं’ वेगळे: ‘मी जातों’, पण ‘मीं केलें’. ‘घरांत’ हे एकाच घराबद्दल असू शकतं, कारण तो अनुस्वार सप्तमीचा आहे, अनेकवचनाचा नाही. आजच्या वाचकाला ‘घरांत’ दिसलं की तो अनेक घरं समजतो. हे जाणून घ्यायची संधी त्याला मिळायला हवी, आणि टिंब राहिलं तरच ती मिळेल.

सावरकरांनी पुरस्कार केलेली अ-ची बाराखडी, म्हणजे ‘अितिहास’, ‘अुद्योग’, हिचंही तसंच. ती वापरून छापलेलं पुस्तक हातात आलं तर तसंच ठेवा. ती छपाईच्या सोयीसाठी केलेली मोठी चळवळ होती. ‘इतिहास’ करून टाकलंत तर त्या पानातून ती चळवळ पुसली जाते.

नव्या वाचकांची सोय हवी हे मला मान्यच आहे. त्यासाठी आधुनिक लेखनाची वेगळी आवृत्ती काढा, तसं पहिल्या पानावर स्पष्ट लिहा. शोधयंत्राला ‘नाव’ टाकल्यावर ‘नांव’ही सापडावं, अशी सोय पडद्यामागे करता येते. मूळ पाठ मात्र एक तरी जसाच्या तसा राहू द्या. तो एकदा बदलला की कुठला अनुस्वार लेखकाने दिला नव्हता आणि कुठला आपण काढला, हे पुन्हा कुणालाही सांगता येणार नाही.

शब्दांनाही हेच लागू. एका ऐतिहासिक पत्रसंग्रहात गाव ‘दरोबस्त’ दिलं असं होतं. आमच्यातल्या एका उत्साही मुलीने ते ‘बंदोबस्त’ केलं. दरोबस्त म्हणजे सगळंच्या सगळं, काही न वगळता. तिने तो शब्द कधी ऐकलाच नव्हता, त्यात तिचा काय दोष? ‘उदीम’चं ‘उद्यम’ झालेलंही मी पाहिलं आहे. शब्द अनोळखी वाटला की हात मागे घ्यायचा आणि आधी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडायचा, मग दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. ती मुलगी आता माझ्याआधी तिथे पोचते आणि मला फोन करून शब्द सांगते.

मूळ पुस्तकातच छपाईची चूक असेल तर? आणि शेवटी शुद्धिपत्र दिलेलं असेल तर त्याप्रमाणे मजकूर दुरुस्त करायचा का?
एक ग्रंथपाल, मिरज

तुमचा प्रश्न या सगळ्यांत अवघड आहे, आणि त्यावर आमच्यातही एकमत नाही. माझं मत सांगते.

पानावर जे छापलं आहे ते पानावर राहू द्यावं. उलटा खिळा, दोनदा आलेला शब्द, सालात चुकलेला आकडा, सगळं. त्याच्या शेजारी खूण करून ‘इथे असं अपेक्षित असावं’ असं लिहावं. शुद्धिपत्रही एक पान आहे, तेही तसंच उतरवावं, आणि ज्या शब्दावर लेखकाने शुद्धिपत्रात दुरुस्ती दिली आहे तिथे तिची टीप द्यावी. वाचकाला दोन्ही मिळतात. शुद्धिपत्र मजकुरात जिरवून टाकलं की लेखकाला कोणती चूक डाचली होती ते हरवतं. मी स्वतः कितीतरी शुद्धिपत्रं जुळवून घेतली आहेत. लेखक छापखान्यात येऊन शेजारी बसायचे आणि पानागणिक सांगायचे. त्या यादीला फार मोठी वेदना असते.

तुम्ही म्हणाल, एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केलीच ना? केली, शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४. पण त्यांनी शेवटी जे लिहून ठेवलं त्याचा आशय पाहा. ग्रंथ मुळात अतिशुद्धच होता, पाठांतराने त्यात अशुद्धं शिरली, ती काढून प्रत शुद्ध केली, असं ते सांगतात. ज्ञानेश्वरांना सुधारल्याचं ते कुठेही म्हणत नाहीत, आणि आपली ओवी त्यात मिसळणाऱ्याला तर त्यांनी कडक शब्दांत बजावलं आहे. साल, संवत्सर आणि स्वतःचं नाव घालून त्यांनी आपलं काम नोंदवलं. आम्ही विकिस्रोतावर पानाच्या इतिहासात नाव आणि तारीख नोंदवतो तेव्हा मला दर वेळी ते आठवतं.

भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललं. हस्तलिखितं ओळीओळीने ताडली, आणि जो पाठ स्वीकारला नाही तोही तळटीपेत दिला. पुढे त्या आवृत्तीचा संहितापाठ संगणकावर आला. क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी तो तयार केला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो तपासून सुधारला. माझ्या शंभर पानांच्या पुस्तकासमोर हे फार मोठं उदाहरण आहे, पण नाकारलेला पाठही फेकायचा नाही ही शिस्त शंभर पानांनाही लागू पडते.

ग्रंथपाल आहात म्हणून आणखी एक सांगते. एकाच आवृत्तीच्या दोन प्रतीही सारख्या असतील असं धरून चालू नका. खिळ्यांच्या छपाईत अनुस्वार, रफार, वेलांटीचं टोक हे भाग खिळ्याबाहेर लोंबते असायचे आणि छपाई चालू असताना तुटायचे. पहिल्या काही शे प्रतींत टिंब असतं, पुढच्यांत नसतं. कधी चूक लक्षात आली की यंत्र थांबवून खिळा बदलत, तोवर छापलेले कागद मात्र फेकून देत नसत. तुमच्या ग्रंथालयात एका पुस्तकाच्या दोन जीर्ण प्रती असतील आणि एक निर्लेखनाच्या यादीत असेल, तर ती काढण्याआधी कुणाला तरी दोन्ही शेजारी ठेवून पाहू द्या.

मी न्यू जर्सीत राहते. मराठी वाचनाची आवड आहे, वेळ आहे, पण जुनं छापील पुस्तक इथे कुठून मिळणार? नुसतं स्कॅन पाहून काम करता येईल?
एक वाचिका

येईल, आणि अवश्य करा. विकिस्रोतावर एका बाजूला पानाचं चित्र असतं, दुसऱ्या बाजूला मजकूर. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलं की पिवळं, दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळं केलेलं पान त्याच व्यक्तीला हिरवं करता येत नाही. आमच्या छापखान्यातल्या दोघींची जोडी तिथे अशी टिकली आहे, आणि त्यातली एक न्यू जर्सीत असायला काहीच हरकत नाही.

पण स्कॅन म्हणजे पुस्तक नाही. बरीच जुनी स्कॅन शुद्ध काळ्या-पांढऱ्यात केलेली आहेत, मधला करडा रंग त्यांत नाहीच. फिकट अनुस्वार त्यांत पांढरा होतो आणि कागदावरचा डाग काळा होऊन अनुस्वार बनतो. पुस्तकात बोटाने चाचपलं तर खिळ्याचा ठसा हाताला लागतो, डाग लागत नाही. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियातली जी स्कॅन आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत त्यांत बांधणीकडची अक्षरं कापलेली, पानं तिरकी गेलेली असंही खूप दिसतं.

म्हणून शंकांची वही ठेवा. पान, ओळ, शब्द, काय शंका. ती यादी इथल्या कुणाला पाठवा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासूनचं. अशा ठिकाणी जाऊन, कपाटातली प्रत मागवून, तुमच्या तीस शंका पाहून देणारी माणसं आहेत. माझी एक मैत्रीण दर गुरुवारी अशी यादी घेऊन जाते. दुपारी चारला तिचा फोन येतो आणि ती नुसती वाचत सुटते: पान बारा, टिंब आहे, पान एकोणीस, डाग, पान चाळीस, पहिली वेलांटी.

कोणतं जुनं पुस्तक नेटवर टाकायला परवानगी लागत नाही?
अनेक वाचक

भारतात लेखकाच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं झालं. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. अनुवादक, चित्रकार, नव्या प्रस्तावनेचा लेखक यांचा हक्क वेगळा मोजावा लागतो. पुस्तक जुनं आणि दुर्मीळ आहे एवढ्याने ते खुलं होत नाही.

बाई, तुमचा लेख वाचला. अर्थ कळला की झालं. एका टिंबासाठी माणसाने तासभर घालवायचा? तेवढ्या वेळात दहा पुस्तकं नेटवर चढतील.
एक वाचक, नागपूर

तुम्ही स्पष्ट विचारलंत, बरं वाटलं. दहा पुस्तकं चढावीत असं मलाही वाटतं. न तपासलेला मजकूर अजिबात नसण्यापेक्षा बरा, फक्त तो तपासलेला नाही असं त्यावर लिहिलेलं असावं.

आता एक गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या एका गृहस्थांनी मला गाठलं. त्यांच्या पणजोबांनी एका शाळेला वर्गणी दिली होती आणि ती कोकणातल्या एका जुन्या अहवालात छापली आहे, असं घरात सांगत आले होते. अहवाल नेटवर होता, मजकुरासकट. त्यांनी पणजोबांचं नाव टाकलं, नाही. गावाचं नाव टाकलं, भांबेड, तेही नाही. शेवटी घरातली आख्यायिका खोटीच असावी असं त्यांनी धरलं होतं. मी तो अहवाल मागवला. वर्गणीदारांची यादी अकरा पानांची, बारीक टायपात. सातव्या पानावर ते होते. यंत्राने भ-चा म केला होता, त्यामुळे गाव ‘मांबेड’ झालं होतं, आणि नावातलं एक अक्षर फुटलं होतं. वर्गणीचा आकडा मजकुरात ४ होता. छापलेला होता ४॥.

मी त्यांना पानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, साडेचार रुपये. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजी साडेचारच सांगायची.

तो माणूस त्या पुस्तकात शंभर वर्षं होता आणि मजकुरात नव्हता. मी एका टिंबासाठी तास घालवते तेव्हा समोर असा कोण असेल हे मला माहीत नसतं.

शेवटी माझाच एक प्रश्न, वाचकांना.

सध्या माझ्याकडे स्त्रियांसाठी लिहिलेलं एक जुनं पुस्तक आहे. स्वयंपाक, बाळंतपण, घरखर्चाचा हिशेब, पत्रं कशी लिहावीत, असं सगळं एकत्र. मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गेली आहेत, त्यामुळे नाव आणि लेखक कळत नाही. पानांच्या माथ्यावर डावीकडे ‘गृहकृत्यें’ आणि उजवीकडे प्रकरणाचं नाव आहे. पानं ९७ ते ११२ नाहीत. फर्मा सोळा पानांचा आहे, म्हणजे सातवा फर्मा पूर्ण गेला. त्याच्या जागी सहावा फर्मा, पानं ८१ ते ९६, दोनदा बांधला आहे.

बांधणीत अशी चूक झाली की बहुधा तिची जोडही कुठेतरी असते. सहावा फर्मा माझ्या प्रतीत जास्त आला, तर दुसऱ्या कुठल्या तरी प्रतीत तो नसेल आणि सातवा दोनदा लागला असेल. घरातल्या जुन्या पुस्तकांच्या ट्रंकेत असं काही दिसलं, ८० नंतर ८१ च्या जागी थेट ९७ लागलं असेल आणि ९७ ते ११२ ही पानं दोनदा आली असतील, तर संपादकांच्या पत्त्यावर कळवा. पुस्तक पाठवू नका, जीर्ण असेल. मी येऊन पाहीन.